मीटर पळतंय

नांदेड-लातूरकडच्या माणसाच्या तोंडी विजेबद्दल दोन वाक्यं कायम असतात. एक, "लाईट गेली". दुसरं, "मीटर पळतंय". पहिल्या वाक्यावर आपल्याकडे इतकं लिहून-बोलून झालंय की आता त्यात काही उरलेलं नाही. दुसऱ्याकडे मात्र कोणी गंभीरपणे बघत नाही. बिल जास्त आलं की माणूस म्हणतो मीटर पळतंय, शेजारचा म्हणतो तुमचा कूलर पळतोय, आणि विषय तिथंच संपतो. गेल्या दोन उन्हाळ्यांत मला या दुसऱ्या वाक्याच्या मागं लागावं लागलं. शोधता शोधता गाडी थेट एडिसनपर्यंत गेली आणि परत येताना लातूरच्या औसा रोडवर थांबली. तर मंडळी, या शनिवारी मीटरची गोष्ट.

सुरुवात एडिसनपासूनच करू. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्याचं वीजकेंद्र सुरू झालं. वीज विकायची म्हणजे मोजायला तर पाहिजे. त्याचं मीटर म्हणजे चक्क एक बरणी होती. जस्ताच्या दोन पट्ट्या जस्ताच्याच क्षाराच्या पाण्यात बुडवलेल्या. ग्राहकाच्या विजेतला एक ठराविक, अगदी लहानसा हिस्सा त्या पाण्यातून जायचा आणि एका पट्टीवरचं जस्त झिजून दुसरीवर चढायचं. महिना भरला की कंपनीचा माणूस यायचा, पट्ट्या घेऊन जायचा, तराजूत तोलायचा आणि बिल करायचा. ग्राहकाला स्वतः वाचता येईल असं त्या बरणीत काहीच नव्हतं. "मीटर पळतंय" ही तक्रार त्या काळातही नक्कीच असणार, फक्त तिथं ते पळताना दिसायची सोय नव्हती :-)

मग आली चकती. १८८८ साली वेस्टिंगहाउस कंपनीतला ऑलिव्हर शॅलेनबर्गर एका दिव्यावर काम करत असताना त्यातली एक स्प्रिंग निसटून पडली आणि चुंबकीय क्षेत्रात ती आपोआप फिरायला लागलेली त्यानं पाहिली. फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना इटलीतल्या गॅलिलिओ फेरारिसनं आधीच मांडलेली होती, पण फिरणाऱ्या वस्तूचे फेरे मोजून वीज मोजता येईल हे शॅलेनबर्गरनं करून दाखवलं. त्याचं मीटर फक्त करंट मोजायचं. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या ओटो ब्लाथीनं खरोखरचे वॅट-तास मोजणारं मीटर केलं. आपल्या घरांमध्ये २००० सालाच्या पुढेपर्यंत काळ्या खोक्यात जी चकती फिरत होती, ती याच घराण्यातली. शंभर-सव्वाशे वर्षं एकच डिझाइन! आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दहा वर्षं टिकलेल्या प्रोग्रामला लोक लेगसी म्हणून नाक मुरडतात.

त्या चकतीची रचना इतकी सुंदर आहे की जरा थांबून सांगतो. एका बाजूला पातळ तारेचे शेकडो वेढे असलेलं कॉइल, ते व्होल्टेजचं. दुसऱ्या बाजूला जाड तारेचे मोजके वेढे, ते करंटचं. मध्ये ॲल्युमिनियमची चकती, आणि तिला आवरायला एक लोहचुंबक. दोन्ही कॉइल मिळून चकतीला ढकलतात, चुंबक तिला ओढून धरतो. या ओढाताणीतून जो वेग ठरतो तो बरोबर वॅटच्या प्रमाणात असतो. गुणाकार, पॉवर फॅक्टर, सगळं त्या ढकलण्यातच आपोआप होऊन जातं. चकतीच्या दांड्यावर दातेरी चाकं, आणि चाकांना जोडलेले आकडे. मीटरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, एका युनिटला अमुक फेरे. समजा १२०० फेरे असतील, तर १०० वॅटच्या बल्बवर चकती बरोबर ३० सेकंदांत एक फेरा घेते. घरातलं बाकी सगळं बंद करून, एक जुना पिवळा बल्ब लावून, हातातल्या घड्याळावर कोणीही हे तपासू शकत होतं. आमच्या गल्लीत एक वायरमनकाका पैज लावून हे करून दाखवायचे.

माझ्या मते यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो १२०० चा आकडा राहत कुठं होता, ही. तो चाकांच्या दातांमध्ये कोरलेला होता. वीज गेली, पाणी पडलं, दहा वर्षं मीटर बंद घरात लटकत राहिलं, तरी दातांची संख्या काही बदलत नव्हती. हे लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. निजामाच्या राज्यातून आपण १९४८ साली सुटलो, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ उभं राहिलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, त्याचा जिल्हा १९८२ साली झाला. मंडळाचे जून २००५ मध्ये तुकडे होऊन वाटपाचं काम महावितरणकडे गेलं, पण आमच्याकडे अजूनही सगळे "बोर्ड" नाहीतर "एमएसईबी"च म्हणतात. ट्रान्सफॉर्मरला "डीपी" म्हणतात आणि ती कायम जळालेली असते.

या काळात गावोगाव वीज गेली, विहिरींवर आणि बोअरवर मोटारी बसल्या. आणि इथंच मीटरच्या इतिहासाला मोठं भगदाड पडलं. शेतीपंपांना मीटरऐवजी हॉर्सपॉवरवर बिल लागू झालं. मोटार पाच एचपीची असेल तर वर्षाला इतके रुपये, मग ती चार तास चालो की चौदा तास. सोय दोन्ही बाजूंना होती. शेतकऱ्याला हिशोब सोपा, मंडळाला शेतातल्या दूरदूरच्या मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस पाठवायला नको. पण जी वीज मोजलीच नाही तिचा आकडा कागदावर तर लिहावा लागतो. तो अंदाजाने लिहिला जायचा. वाटेत गळालेली वीज, आकडे टाकून नेलेली वीज, फुकट गेलेली वीज, सगळी "शेतीने वापरली" या एका रकान्यात घालता येत होती.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोर मंडळाचा दरवाढीचा अर्ज पहिल्यांदा आला, आणि मे २००० मध्ये आयोगाचा पहिला दर-आदेश निघाला. त्या सुनावणीत पुण्याच्या 'प्रयास' संस्थेनं आणि इतरांनी शेतीच्या वापराचे आकडे उकरून काढले. मंडळ वर्षानुवर्षं जी गळती वीस टक्क्यांच्या आत सांगत आलं होतं, ती तपासात तीस टक्क्यांच्या वर निघाली. एका रात्रीत तारा काही जास्त गळायला लागल्या नव्हत्या. फक्त मीटर नसलेल्या रकान्यामागे लपलेली गळती उघड्यावर आली. मराठवाड्याचं नाव या चर्चेत कायम "जास्त गळतीचा भाग" म्हणून यायचं, आणि पुढे लोडशेडिंगचे गट गळतीवर ठरायला लागले तेव्हा त्याची किंमत नियमित बिल भरणाऱ्यांनीही मोजली. न मोजल्याची शिक्षा मोजून घेतलेल्यांना, असा तो प्रकार.

वीज कायदा २००३ च्या कलम ५५ नं सांगितलं की दोन वर्षांनंतर बरोबर मीटर असल्याशिवाय कोणाला वीज द्यायचीच नाही. शेतीपंपांच्या बाबतीत ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत असं म्हणायला हरकत नाही. २०२४ साली राज्य सरकारनं साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना पाच वर्षांसाठी मोफत वीज जाहीर केली. मोफत म्हटल्यावर मोजणीची घाई कोणाला असणार, हा माझा आगाऊपणाचा प्रश्न. असो.

घरांच्या बाबतीत मात्र चित्र पटापट बदललं. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर नियमांनी चकतीचा जमाना संपवला. नवीन मीटर "स्टॅटिक" म्हणजे इलेक्ट्रॉनिकच हवं असं ठरलं. नांदेडच्या श्रीनगर-तरोड्यापासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत घराघरांतली काळी खोकी निघाली आणि पांढरी प्लास्टिकची खोकी आली. चकतीच्या जागी लाल दिवा लुकलुकायला लागला. आणि त्याबरोबर ते वाक्य गावभर झालं, "नवीन मीटर पळतंय!"

या तक्रारीत तथ्य होतं का? होतं, पण लोक समजत होते तसं नाही. जुन्या चकतीला फिरायला सुरुवात करण्यासाठी थोडा रेटा लागायचा. दांडा ज्या टेकूवर फिरतो तो झिजायचा, आत धूळ बसायची, आवरणाऱ्या चुंबकावर लोखंडाचा कीस चिकटायचा. जुन्या मीटरचं म्हातारपण बहुतेक वेळा ग्राहकाच्या फायद्याचं असायचं. एक झिरोचा बल्ब किंवा स्टँडबायवरचा टीव्ही अशा बारीक भारावर म्हातारी चकती जागची हलतच नसे. इलेक्ट्रॉनिक मीटरमध्ये हलणारं काहीच नाही, त्यामुळे त्याला थकवाही नाही. ते मोबाईलच्या चार्जरचेही पैसे लावतं. म्हणजे नवीन मीटर पळत नव्हतं, जुनं बसलेलं होतं. पण पंचवीस वर्षं बसलेल्या मीटरची सवय झालेल्या घराला नवीन मीटर पळतंय असंच वाटणार, त्यात त्या घराचा दोष नाही.

आमच्या घरीही हेच झालं. मी नोकरीमुळे पुण्यात, आईवडील नांदेडला. अण्णा निवृत्त शिक्षक, दर महिन्याच्या एक तारखेला वहीत मीटरचं रीडिंग लिहिणारा माणूस. दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "अरे, आपण दोघंच घरात, आणि युनिट शंभराच्या पुढं. तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग बघ काय ते." पेन्शनीतून बिल भरणाऱ्या माणसाला शंभर हा आकडा फार जवळचा असतो. त्याच्या पुढच्या युनिटला दर एकदम चढतो.

म्हणून मी बाजारातून घरगुती वीज-मॉनिटर आणला. कंपनीचं नाव मुद्दामच देत नाही. मेन वायरभोवती चिमट्यासारखी एक कडी लावायची, व्होल्टेजसाठी दोन तारा, आणि आतली वायफाय चिप दर काही सेकंदांनी वॅटचा आकडा मोबाईलवर पाठवते. दोन आठवडे उत्तम चाललं. तिसऱ्या आठवड्यात यंत्र मेलं. दिवा लागायचा, विझायचा, लागायचा, विझायचा. अण्णा फोनवर म्हणाले, "तुझ्या यंत्राला उचकी लागलीय."

कंपनीच्या मदत केंद्रानं बंद करून चालू करायला सांगितलं. ते यंत्र तर स्वतःच मिनिटाला वीस वेळा करत होतं! शेवटी मी ते घेऊन लातूरला मित्राकडे गेलो. हा माझा कॉलेजचा दोस्त, औसा रोडला इन्व्हर्टर आणि कंट्रोल पॅनेल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्यानं खोकं उघडलं, चार तारा लावल्या आणि चिप काय बडबडते ते लॅपटॉपवर दाखवलं. चेकसमची चूक, रीसेट, परत चेकसमची चूक. उचकीचं कारण सापडलं. रात्री दोनच्या सुमाराला कंपनीनं न विचारता नवीन फर्मवेअर पाठवलं होतं, आणि नेमकी त्याच वेळी लाईट गेली होती.

इथं जरा खोलात जातो, कारण हे नीट समजलं तर पुढच्या स्मार्ट मीटरच्या गोष्टीतली मेख कळेल. अशा स्वस्त यंत्रात फर्मवेअर दोन टप्प्यांत बदलतं. आधी नवीन प्रत मेमरीच्या रिकाम्या भागात उतरवून घेतात. मग यंत्र रीसेट होतं आणि एक चिमुकला प्रोग्राम ती प्रत जुन्यावर उतरवतो. "कुठून कुठं उतरवायचंय" ही चिठ्ठी ज्या जागेत ठेवलेली असते, ती जागा वीज गेली की पुसली जाते. म्हणजे अर्धी नक्कल झालेली, जुनं फर्मवेअर अर्धं गेलेलं, आणि चिठ्ठी गायब. लाईट आल्यावर यंत्र ते अर्धवट भूत उठवायला जातं आणि पडतं. जरा महागाच्या यंत्रात दोन पूर्ण कप्पे असतात. नवीन प्रत दुसऱ्या कप्प्यात जाते, तपासली जाते, आणि मग फक्त एक खूण बदलायची की आता या कप्प्यातून उठ. ती उठली नाही तर जुना कप्पा शाबूत असतो. फरक काही रुपयांच्या मेमरीचा असेल. पण ज्यांच्या गावात लाईट जात नाही त्या माणसांनी डिझाइन केलेलं यंत्र नांदेडला आलं की हे असं होतं.

कंपनीचं मूळ फर्मवेअर मिळणं शक्य नव्हतं. मित्रानं ती चिप पुसून त्यात टास्मोटा हे सर्वांना खुलं असलेलं फर्मवेअर टाकलं. यंत्र उठलं. मी खूश. तो मात्र गप्प बसून आकड्याकडे बघत होता. त्यानं १०० वॅटचा बल्ब लावला, आकडा आला ८३. "आता बोल," तो म्हणाला, "अण्णांना सांगणार का, की बोर्ड लुटतंय म्हणून?"

काय झालं होतं? या जातीच्या मोजणीच्या चिपा, उदाहरणार्थ एचएलडब्ल्यू ८०१२, स्वतः वॅटचा आकडा देत नाहीत. त्या ठोके देतात. जितके वॅट जास्त तितके ठोके जलद. म्हणजे ती सिलिकॉनमधली चकतीच आहे! फर्मवेअर काय करतं, तर ठोके मोजतं आणि एका गुणकाने गुणतं. प्रत्येक नगाचे भाग किंचित वेगळे, म्हणून प्रत्येकाचा गुणक कारखान्यात तपासून मेमरीत लिहिलेला असतो. आम्ही चिप पुसली तेव्हा तो गुणकही पुसला गेला, आणि टास्मोटानं आपला सरासरीचा गुणक लावला. ब्लाथीच्या मीटरमध्ये जो आकडा चाकांच्या दातांत कोरलेला होता, तो आता मेमरीच्या काही बाइटमध्ये आलाय. चिपचं काही बिघडलेलं नाही, वायर ठीक आहे, आणि तरी सगळे आकडे खोटे आहेत. चकतीच्या काळात असा बिघाड शक्यच नव्हता.

गुणक परत बसवायला काहीतरी खरं माप लागतं. घरच्या मीटरचा लाल दिवा मोजून ते करता येतं. पाटीवर एका युनिटला ३२०० ठोके लिहिलेले असतील तर १०० वॅटवर सव्वाअकरा सेकंदांनी एक ठोका पडतो. पण ज्या मीटरवर संशय आहे त्याच्याच मापाने पहारेकऱ्याची फूटपट्टी आखली तर निकाल आधीच लागला. मित्रानं त्याच्या ओळखीनं प्रयोगशाळेत तपासून आणलेला एक वॅटमीटर वापरला. बल्ब, मग इस्त्री, मग कूलरची मोटार, तिन्हीवर गुणक जुळवला. कूलर मुद्दाम घेतला, कारण मोटारीचा पॉवर फॅक्टर कमी असतो आणि अर्धी स्वस्त यंत्रं तिथंच उघडी पडतात. काही तर व्होल्टेज मोजतच नाहीत, २३० धरून चालतात. आमच्या घरी उन्हाळ्याच्या संध्याकाळी १९० च्या आसपास असतं आणि पहाटे २४५. धरून चालणाऱ्यांचं काही खरं नाही.

नांदेडला परत बसवल्यावर आणखी एक भानगड निघाली. आकडा अधूनमधून पाचव्या हिश्श्यानं घसरायचा. ती कडी दोन अर्ध्या तुकड्यांची असते, आणि दोन तुकडे एकमेकांना घट्ट भिडले तरच चुंबकीय क्षेत्र नीट धरलं जातं. कागदाइतकी फट पडली तरी माप कमी येतं. मीटरच्या पेटीतल्या पालीनं येता-जाता ती कडी ढिली केली होती. प्लास्टिकची एक टाय लावली, प्रश्न मिटला. दिवसभर फर्मवेअरमध्ये दोष शोधणाऱ्या माणसाला शेवटी पाल भेटते, हे आमच्या धंद्यातलं नेहमीचंच.

महिनाभर दोन्ही आकडे अण्णांनी वहीत शेजारी शेजारी लिहिले. शंभर युनिटमागे एकाचाही फरक नाही. मीटर बरोबर होतं. पळत होतं ते घर. रात्री सगळं बंद असतानाही चाळीस वॅट सतत जात होते. सेट-टॉप बॉक्स, राउटर, आणि मुख्य म्हणजे जुन्या बॅटरीला सतत भरवत बसलेला इन्व्हर्टर. चाळीस वॅट, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे जवळपास २९ युनिट. शंभराची वेस ओलांडायला एवढे पुरतात. बॅटरी बदलली. अण्णांना मात्र निकाल फारसा आवडला नाही. बोर्डाची चूक निघाली असती तर जास्त बरं वाटलं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पण सगळ्यांचं मीटर बरोबर निघतं असं कोणी समजू नये. स्टॅटिक मीटरलाही म्हातारपण आहे, फक्त ते दिसत नाही. आतल्या वीजपुरवठ्यातला कपॅसिटर चाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हाळ्यांत हळूहळू कमजोर होतो आणि एक दिवस डिस्प्ले कोरा पडतो. टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल तर ते गरम होऊन जळतं. डिस्प्ले गेला म्हणजे मोजणी गेलीच असं नाही. समोरच्या ऑप्टिकल पोर्टमधून आतली नोंद काढता येते, तिला खात्यात "एमआरआय" म्हणतात. (मीटरचा एमआरआय काढायचाय म्हटल्यावर आई घाबरली होती.) मीटर पळतंय का थांबतंय हे जागेवर तपासायला "ॲक्यूचेक" लावतात.

हे भांडणही जुनंच आहे. १९१० च्या वीज कायद्याच्या कलम २६ मध्येच मीटरच्या वादाची सोय होती. विद्युत निरीक्षक निवाडा देणार, आणि चुकीच्या मीटरचा हिशोब सहा महिन्यांहून मागे नेता येणार नाही. आपल्या आयोगाच्या २००५ च्या संहितेनं ती मर्यादा तीन महिन्यांवर आणली. मग २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात प्रेम कॉटेक्सचा खटला गाजला. हरियाणातल्या या कारखान्याच्या बिलात गुणक १० ऐवजी ५ धरला गेला होता, म्हणजे वर्षानुवर्षं निम्मंच बिल. न्यायालयानं म्हटलं की चूक लक्षात आल्यावर ती रक्कम मागता येते, दोन वर्षांची मुदत आड येत नाही. तुमच्या-माझ्या बिलावरही "गुणक अवयव" म्हणून एक रकाना असतो. घरगुती बिलात तिथं १ असतो म्हणून कोणी बघत नाही. बघत जा.

मीटरच्या अचूकपणाबद्दल आणखी एक वेगळा प्रयोग आहे. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरांवर एलईडी दिवे आणि डिमरसारखे खडबडीत करंट ओढणारे भार लावून पाहिले. २०१७ च्या सुमारास त्याची बातमी जगभर झाली. पाच मीटरांनी जास्त वाचलं, एकानं तर ५८२ टक्क्यांपर्यंत, आणि काहींनी तीस टक्के कमी. ती प्रयोगशाळेतली टोकाची परिस्थिती होती, रोजच्या घरात तसं होत नाही. पण "इलेक्ट्रॉनिक आहे म्हणजे बरोबरच" हे म्हणणंही तितकंच भाबडं.

ग्राहकाच्या बाजूनं मोजण्याची परंपरा आपल्याकडे आहे हे मला या शोधातच नीट कळलं. वर ज्या 'प्रयास'चा उल्लेख केला, त्याच संस्थेनं पुढे साध्या सॉकेटला लावायची यंत्रं लोकांच्या घरी बसवली. ती मिनिटामिनिटाचं व्होल्टेज मोजून सर्व्हरला पाठवायची. लाईट किती वेळ होती, किती वेळ नव्हती, याची नोंद वीज देणाऱ्याच्या नाही तर घेणाऱ्याच्या बाजूनं झाली आणि सगळ्यांना बघायला खुली राहिली. "आमच्याकडे लाईट नसते" या तक्रारीला तारीख आणि वेळ मिळाली.

आता स्मार्ट मीटर. २०२३ साली महावितरणनं राज्यभराची कामं विभागून दिली, त्यात लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर परिमंडळांचं सुमारे २७ लाख ७७ हजार मीटरांचं काम एनसीसी कंपनीकडे गेलं. आधी हे मीटर प्रीपेड असणार होतं. विरोध झाला, जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड लावणार नाही असं सरकारनं जाहीर केलं, आणि मग "टीओडी मीटर" या नावानं पोस्टपेड बिलिंगसह ते बसू लागलं. प्रीपेडवरच्या भांडणात एक गोष्ट मात्र मागे पडली. चकतीला कोणी दुरून हात लावू शकत नव्हतं. या मीटरचं फर्मवेअर दुरून बदलता येतं, आणि पुरवठाही दुरून तोडता येतो. १२ ऑगस्ट २०२० ला, ऐन जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात दीड लाखांहून जास्त घरांची वीज चुकीच्या आदेशामुळे एकदम गेली. तारा धड, ट्रान्सफॉर्मर धड, मीटरही धड.

दुरून फर्मवेअर बदलण्याची व्यवस्था अगदीच ढिसाळ आहे असं मात्र नाही. स्मार्ट मीटर ज्या डीएलएमएस भाषेत बोलतात, तिच्यात नवीन फर्मवेअर तुकड्यातुकड्यानं जातं, कोणता तुकडा पोचला याची यादी मीटर ठेवतं, सगळे आल्यावर तपासणी होते आणि मगच ते लागू करायचा आदेश देता येतो. मध्येच लाईट गेली तर राहिलेले तुकडे नंतर मागवता येतात. आमच्या उचकीवाल्या यंत्राला एवढी शिस्त असती तर माझी लातूरची फेरी वाचली असती. युरोपातल्या वेलमेकच्या मार्गदर्शिकेत तर मोजणीचा भाग आणि बाकीचा भाग वेगळे ठेवायला सांगितलंय, म्हणजे संपर्काचा प्रोग्राम बदलताना गुणकाला धक्का लागू नये. माझ्या मते ग्राहकानं विचारायचा प्रश्न हा आहे. मीटर पळतं का, यापेक्षा गेल्या महिन्यात त्याचं फर्मवेअर बदललं का, आणि बदललं असेल तर मोजणीचा भाग तसाच आहे हे कोणी तपासलं?

नांदेडच्या आमच्या घरी मागच्या वर्षी मीटर बदलायला माणसं आली तेव्हा अण्णांनी त्यांना आधी चहा दिला आणि मग वही काढली. जुन्या मीटरचा नंबर, शेवटचं रीडिंग, नवीन मीटरचा नंबर, सुरुवातीचं रीडिंग, तारीख, वेळ. दोन्ही मीटरांचे फोटो शेजारच्या मुलाकडून काढून घेतले. बसवणाऱ्या पोरानं विचारलं, "काका, एवढं कशाला?" अण्णा म्हणाले, "तुम्ही जुनं घेऊन जाणार, मग बिलात शेवटचं रीडिंग चुकलं तर मी काय दाखवू?" पोरानं मुकाट्यानं वहीवर सही केली. मॉनिटर तिथंच आहे, पालीसाठी आता पेटीला जाळी लावलीय.